मदत हवी आहे : मोटरसायकलचा हेडलाइट हँडल वळवताना लुकलुकतो आणि लो बीमही वर पडतो

नमस्कार. माझ्याकडे १५० सीसीची कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटरसायकल आहे आणि कोयनानगर ते चिपळूण हा कुंभार्ली घाटाचा रस्ता मला कामासाठी नेहमी, बरेचदा अंधार पडल्यावर, पार करावा लागतो. पावसाळ्यात या घाटात धुके इतके उतरते की पुढचे वळण केवळ पांढऱ्या पट्ट्यावरून ओळखावे लागते. अशा ठिकाणी हेडलाइट क्षणभर जरी गेला तरी जिवावर बेतू शकते, म्हणून जाणकारांनी नीट विचार करून उत्तर द्यावे, ही विनंती.

पुढच्या फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या शॉकच्या नळ्यांचे) ऑइल सील बदलून घेतल्यानंतर दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. पहिली अशी, की हँडल डावीकडे पूर्ण वळवले किंवा चाक खड्ड्यात आदळले की हेडलाइट लुकलुकतो आणि कधी कधी पूर्ण विझून पुन्हा लागतो. दुसरी अशी, की लो बीमसुद्धा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर, म्हणजे वर आणि थोडा उजवीकडे पडतो. समोरचे चालक सतत डिपर देतात आणि माझ्या चाकापुढचा रस्ता मात्र अंधारातच राहतो.

मी जे तपासले ते सांगतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली तरी हेडलाइट लागतो, म्हणजे तो थेट मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलवर नव्हे तर बॅटरीवर चालतो. बॅटरीवर गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट आणि रेस दिल्यावर १४.२ व्होल्ट मिळतात, त्यामुळे रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीला योग्य दाबाने चार्ज करणारा भाग) बिघडला असावा असे वाटत नाही. हेडलाइट लुकलुकतो तेव्हा स्पीडोमीटरचा दिवा आणि इंडिकेटर स्थिर असतात, आणि लो व हाय दोन्ही बीम सारखेच लुकलुकतात. बल्ब ३५/३५ वॅटचा, कंपनीने दिला तसाच आहे. गॅरेजमधून संपूर्ण वायरिंग बदलण्याचा किंवा एलईडी बल्ब बसवण्याचा सल्ला मिळाला. नेमका दोष सापडण्याआधी एवढे काम काढणे मला पटत नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, आणि या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असू शकतो का?

प्रतिसाद

आपण दिलेल्या माहितीतच बरेचसे उत्तर आहे. इतर दिवे स्थिर आहेत म्हणून बॅटरीचे टर्मिनल आणि चावीचा स्विच यांच्यावरचा संशय मिटतो. दोन्ही बीम एकदम जातात म्हणून बल्बची एखादी फिलामेंट किंवा डिपर स्विचचा एकच संपर्क हे कारणही मागे पडते. उरते ते दोन्ही बीमना सामायिक असलेले, आणि त्यात पहिला संशय अर्थच्या (प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) वायरीवर घ्यावा. फोर्कच्या कामासाठी हेडलाइटचा डोम (दिव्याचे बाहेरचे घर) सोडवावा लागतो आणि परत बसवताना वायर ब्रॅकेटखाली दाबली जाणे किंवा तिला वळायला पुरेशी ढील न उरणे सहज घडते. त्यामुळे संबंध निश्चित असू शकतो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल पिन बल्बच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) मागच्या बाजूने अर्थच्या टर्मिनलला टेकवा आणि दिवा लावून हँडल सावकाश डावीकडे न्या. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहायला हवा. दिवा विझताक्षणी तो १२ व्होल्टच्या आसपास उसळला तर अर्थ तुटतो आहे, हे सिद्ध झाले. आकडा स्थिर राहिला तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपर्यंत हीच चाचणी करावी. वायरीचे तांबे वरच्या आवरणाच्या आत तुटलेले असू शकते. अशी वायर हलकेच ओढली की त्या जागी रबरासारखी ताणते. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका, घाटातल्या पावसात तो जोड हिरवा पडेल. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा आणि हँडल दोन्ही टोकांना वळेल एवढी ढील ठेवा. कपलर तपकिरी पडला असेल तर तोही बदला.

एलईडीचा विचार आता करू नये. हॅलोजन फिलामेंटसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये दुसरा बल्ब घातला की प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे अधिकच दिपतात. शिवाय तुटक अर्थ तसाच राहतो.

बीमची दिशा जुळवण्यापूर्वी बल्बचे तीन कान होल्डरच्या खाचांत पूर्ण बसले आहेत ना, हे पाहा, कारण बल्ब तिरका असेल तर कितीही स्क्रू फिरवला तरी प्रकाशाचा आकार सुधारत नाही. बहुतेक गाड्यांत खालचा स्क्रू फक्त वर-खाली करतो. उजवी-डावी चूक डोमचे बोल्ट सैल करून काढावी लागते. टायरमध्ये योग्य हवा भरून, स्वतः गाडीवर बसून, सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या केंद्राची उंची भिंतीवर खुणेने दाखवा. लो बीमची वरची कड त्या खुणेच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली हवी. मागे माणूस बसला की मागचे शॉक दबतात आणि बीम वर उठतो, म्हणून आपण नेहमी ज्या वजनाने जाता त्याच वजनाने ही मांडणी करावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला दिपवू नये, अशीच अपेक्षा आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. हँडल डावीकडे नेताच अर्थवरचा आकडा १२ व्होल्टच्या जवळ गेला. डोम उघडल्यावर अर्थची वायर ब्रॅकेट आणि फोर्कच्या क्लॅम्पमध्ये चेपलेली सापडली, आणि तिच्याच जाडीमुळे ब्रॅकेट एका बाजूने उचललेला होता. वायर सोल्डर करून मोकळ्या मार्गाने घेतली, ब्रॅकेट सपाट बसवला आणि वडिलांना मागे बसवून भिंतीवर बीम लावला. आता हँडल कुठेही वळवले तरी दिवा स्थिर राहतो आणि प्रकाश चाकापुढच्या रस्त्यावर पडतो. कपलर थोडा तपकिरी दिसला, तो येत्या आठवड्यात सिरॅमिकचा बसवणार आहे.