'क्लाउड ऑफ अननोइंग' : वाचायचं तर अख्खं वाचा

सांजवेळ :

चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका निनावी लेखकाने आपल्या २४ वर्षांच्या शिष्यासाठी 'द क्लाउड ऑफ अननोइंग' (न जाणण्याचा ढग) हा प्रार्थनेवरचा ग्रंथ लिहिला. छोटी छोटी ७५ प्रकरणं. आज त्यातलं सातवं प्रकरणच सगळीकडे फिरताना दिसतं. एक लहानसा शब्द घ्या, शक्यतो एकाक्षरी, 'गॉड' किंवा 'लव्ह'. तो मनाशी घट्ट धरा आणि कुठलाही विचार आला की त्याच शब्दाने त्याला खाली दाबा. लोक एवढंच उचलतात आणि ताण कमी करायचा उपाय म्हणून एकमेकांना सांगतात.

मला हे मनापासून खटकतं. २८व्या प्रकरणात लेखक सांगतो की आधी चर्चच्या रीतीने पापनिवेदन करून, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करून, मन स्वच्छ करा, मगच या कामाला लागा. ३५व्यात तो बजावतो की वाचन, चिंतन आणि प्रार्थना या पायऱ्या टाळून नवख्याला इथवर येताच येत नाही. आणि ४४वं प्रकरण तर कुणी वाचतच नाही! आपण 'आहोत' ही जाणीवच माणसाचं सर्वांत खोल दुःख आहे, कारण तीच त्याला देवापासून वेगळं ठेवते, असं तो तिथे लिहितो. मात्र त्यामुळे नसतो तर बरं झालं असतं असं म्हणायचं नाही, असण्याबद्दल आभारच मानायचे, हेही लगेच सांगतो. ही शांत झोप लागण्याची युक्ती नव्हे. या कामात घाम गळतो, असं तो स्वतःच म्हणतो.

अर्धवट वाचणाऱ्यांचं काय होतं तेही त्याने ५२ आणि ५३व्या प्रकरणांत दाखवलंय. 'आत वळा' हे शब्दशः घेऊन कुणी डोळे ताणून वेड्यासारखं बघत बसतो, कुणाचं तोंड उघडं राहतं, कुणी कानात किडा शिरल्यासारखी मान वाकडी करतो. आधी हे सगळं वाचा, मग शब्द निवडा.

रानवाट :

तुमचा मुद्दा कळला, पण पटला नाही. मी ख्रिस्ती नाही, आस्तिकही नाही, आणि तरी हा ग्रंथ पुनःपुन्हा उघडतो. तुम्ही दाराशी उभं राहून प्रत्येकाचे कागद तपासताय.

प्रस्तावनेत लेखक बडबड्यांना, तोंडपुज्यांना, दोष काढत फिरणाऱ्यांना आणि नुसत्या कुतूहलाने येणाऱ्या विद्वानांना पुस्तकापासून लांब ठेवतो, हे खरं. पण लगेच एक वाट मोकळी सोडतो. जे संसारात, कामाधंद्यात आहेत पण आतून ओढले गेलेत, त्यांनी वाचावं. मठातल्या साधूसारखं सतत नाही, अधूनमधून जमेल तसं. म्हणजे गृहस्थाला त्यानेच आत घेतलंय. राहिली शब्द धरून बसण्याची गोष्ट. ती आज पसरली त्यालाही साधूच कारण आहेत. १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाच्या मठात विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी याच ग्रंथाच्या आधारे 'सेंटरिंग प्रेयर' ही एक शब्द धरून मौनात बसायची पद्धत घडवली. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. तरुण मुलं ध्यान शिकायला दुसऱ्या धर्मांकडे जाताहेत आणि आपल्याच परंपरेतली गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नाही, ही त्यांची तळमळ होती. त्यांनी शिकवणं सोपं केलं म्हणून त्यांना दोष द्यायचा का?

सांजवेळ :

त्यांना अजिबात नाही. ते तिघं रोजची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आणि दिवसभराच्या स्तोत्रप्रार्थना करणारे साधू होते. शब्दाभोवतीचं सगळं त्यांच्या जगण्यातच होतं. माझा आक्षेप आहे तो हे 'सगळं' गाळण्यावर. आणि प्रस्तावनेतला तो गृहस्थ 'आतून ओढला गेलेला' आहे म्हणजे देवाच्या आत्म्याने ओढला गेलेला आहे, हा भाग तुम्ही सोडलात.

गावकुस :

इतका वाद कशाला? एक नाम घ्यायचं आणि त्यात मन बुडवायचं, हे आपलं नामस्मरणच आहे. नाव फक्त वेगळं.

चंद्रभागा :

नाही हो. आमच्या घरात वारी आहे, त्यामुळे हे बोलल्याशिवाय राहवत नाही. नामस्मरणात रूप सोडत नाहीत. विटेवरचं रूप डोळ्यांपुढे आणायचं, गुण गायचे, तेही चारचौघांत, टाळ-मृदंगाच्या साथीने. या लेखकाला नेमकं तेच नकोय. देवाच्या दयाळूपणाचा विचार आला, तरी तो विचार विस्मरणाच्या ढगाखाली ढकला, म्हणजे विसरून जा म्हणतो, कारण गोड विचारांचं बोट धरूनच मन भरकटतं. त्याचा एकाक्षरी शब्द ३७व्या प्रकरणात कसा येतो तेही बघा. आग लागली की माणूस लांबण लावत नाही, एकच शब्द ओरडतो, आणि ती हाक ऐकणाऱ्याच्या काळजात शिरते. प्रार्थना तशी हवी म्हणतो. माळेवर शांतपणे चालणारं नाम मला जिवापाड प्रिय आहे, पण ते वेगळं. दोन्ही एकच म्हटलं की दोन्हींचा कस जातो.

मोगरी :

मी कॅथलिक आहे, वसईची. मला या ग्रंथाबद्दल वेगळीच तक्रार आहे आणि ती सांजवेळ यांच्याविरुद्धही जाते.

मार्था आणि मरिया या बहिणींची बायबलमधली गोष्ट अशी : येशू घरी आला, मार्था स्वयंपाकात राबत होती, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली. 'क्लाउड'च्या लेखकाने १७व्या प्रकरणापासून पुढे बरीच प्रकरणं याच गोष्टीवर खर्च केलीत आणि मरियाचंच श्रेष्ठ ठरवलंय. मार्थाला तो सांभाळून घेतो, पण जागा खालचीच देतो. पाहुण्यांच्या पंगतीला वाढून दमलेल्या माझ्या आईला मी हे कोणत्या तोंडाने वाचून दाखवू? त्याच्या आधीच जर्मनीत माइस्टर एकहार्ट या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने एका प्रवचनात ही गोष्ट उलटी केली होती. मार्था जास्त परिपक्व, ती कामात असूनही देवापासून हलत नाही. मरिया अजून शिकतेय, तिलाही पुढे मार्था व्हायचंय. १३२९मध्ये पोपच्या आज्ञापत्राने एकहार्टची २८ विधानं दोषी ठरवली, तोवर तो वारला होता. तरी मला तोच जवळचा वाटतो.

आणि सामान्य माणसाला काही द्यायचंच असेल, तर इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन द्या. १३७३मध्ये तिशीत मरणाच्या दारात असताना तिला सोळा दर्शनं झाली. पुढे ती चर्चला लागून असलेल्या कोठडीत राहिली आणि पंधराहून जास्त वर्षं त्यांचा अर्थ लावत बसली. तिने प्रस्तावनेत कुणाला अडवलं नाही. सगळ्या ख्रिस्ती भावंडांसाठी लिहिलं. प्रार्थनेत काही वाटत नसेल, मन कोरडं ठणठणीत असेल, तरी प्रार्थना करा म्हणते, कारण मागण्याची इच्छाही देवानेच दिलेली असते. आजारी माणसाच्या उशाशी बसून रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणताना मला हेच पुरतं.

सांजवेळ :

मोगरीताई, ज्युलियनबद्दल शंभर टक्के मान्य. पण तिचंही तेच झालंय ना! 'सगळं ठीक होईल' एवढं एक वाक्य कपांवर छापून विकतात. त्यावर तिने देवाला विचारलेला प्रश्न कपावर नसतो : पापामुळे तुझ्या लेकरांचं एवढं वाटोळं झालं असताना सगळं ठीक कसं होईल? मार्थाच्या बाबतीत मात्र मी लेखकाच्या बाजूने आहे. तो एकांतात राहणाऱ्या एका विशिष्ट तरुणाशी बोलतोय, त्याला वाट सोडू नकोस असं सांगतोय.

काजळमाया :

पापनिवेदन, गुरूचा सल्ला, चर्चची रीत. ही कुंपणं कुणी आणि कशासाठी घातली हे कुणीच का विचारत नाही? मार्गरीत पोरेत या बाईने जिवाचं देवात विरून जाणं यावर ग्रंथ लिहिला. चर्चने तो जाळला, तिने तो मागे घ्यायला नकार दिला, म्हणून १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये तिलाही जिवंत जाळलं. ग्रंथाच्या प्रती मात्र तिच्या नावाशिवाय फिरत राहिल्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड मेथली या इंग्लंडमधल्या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या पंथाच्या) साधूने तो लॅटिनमध्ये आणला आणि त्यानेच 'क्लाउड'ही लॅटिनमध्ये आणला. म्हणजे दोन्ही ग्रंथ एका भक्ताच्या हातात शेजारी शेजारी! लेखिका पोरेत होती हे रोमाना ग्वार्नियेरी या अभ्यासिकेने १९४६मध्ये जाहीर केलं. नाव माहीत होतं तेव्हा जाळण्याजोगं, नाव पुसलं गेल्यावर पूजनीय. मजकुरात तर फरक नव्हता. म्हणून योग्य वाचक कोण, हे ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सांजवेळ :

हे वाचून गलबललं. पोरेतला जाळणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, कुणीच घेऊ नये. पण २८व्या प्रकरणातलं पापनिवेदन हे न्यायालय नव्हे. आपण कुणाला दुखावलंय, कुणाचं देणं बुडवलंय ते आधी तोंडाने कबूल करायचं आणि मग मौनात बसायचं. ही पायरी काढली की मौन स्वतःपासून लपायची जागा होतं. माझी भीती ही आहे.

रानवाट :

ही भीती मलाही आहे, म्हणून शेवटचं सांगतो. ७५व्या प्रकरणात लेखक म्हणतो, वाचताना आवडलं म्हणून कुणी स्वतःला या कामासाठी बोलावलेला समजू नये. ती ओढ इतर कुठल्याही साधनेपेक्षा जास्त पाठीस लागते का, बघा. ती मधूनच नाहीशी होते आणि परत येते तेव्हा आधीपेक्षा मोठा आनंद देते. ही खूण मला ओळखीची आहे. तिथे पहिली कसोटी पापनिवेदनाचीच आहे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो. मी चर्चमध्ये जाणार नाही. ज्यांना दुखावलंय त्यांच्याकडे जाईन.

सांजवेळ :

'क्लाउड'चा लेखक याला पुरेसं म्हणाला नसता, रानवाट. त्याच्या लेखी क्षमा करणारा कुणी लागतो, फक्त दुखावलेला माणूस नव्हे. तुम्ही जिथे थांबताय तिथून त्याचा ग्रंथ सुरू होतो, आणि यावर आपलं एकमत होणार नाही. तरी त्या माणसांकडे जा.