क्युरारेची आत जाणारी चाकं: दुरुस्त करावीत की काढावीत?

कोथरूड_बाल्सा
मामांचं जुनं क्युरारे, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर उडणारं मॉडेल विमान, माळ्यावरून काढलंय. फोमचा पंख, वर बाल्साचं हलकं लाकूड, 10 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. मेकॅनिकल रिट्रॅक्ट्स (उडताना चाकं आत घेणारी यंत्रणा) आहेत. डावं चाक खाली येऊन लॉक होतं, उजवं जरासं अलीकडेच थांबतं आणि सर्व्हो (दांड्या ढकलणारी छोटी मोटर) गुणगुणत राहतो. आम्ही उडवतो ते मुळशीकडचं माळरान, दिवाळीपर्यंत गवत असतं. सरळ स्थिर चाकं लावू का?

पिंपरी_फ्लायर
इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट्स घाला. प्रत्येक पायाला स्वतःची मोटर, दांड्या जुळवायची कटकटच नाही. जुन्या खाचेत बसतील का, तेवढं आधी मोजा.

भोसरी_टूलरूम
स्थिर चाकं लावू नका, कळकळीने सांगतो. 1967 मध्ये कॉर्सिकाला फिल क्राफ्टने क्विक-फ्लाय या मॉडेलवर, स्थिर चाकांवरच, मॉडेल विमानांच्या कसरतींची जागतिक स्पर्धा जिंकली हे खरं. पण 1977 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हॅनो प्रेटनरने क्युरारेवर तेच विजेतेपद मिळवलं, तोवर सगळा खेळच वेगाचा झाला होता. इंजिनाची ताकद वाढवणारा ट्यून्ड पाइप (धुराडं), लांबच लांब सरळ रेषा, मोठे लूप. त्या वेगात बाहेर लोंबणारी तीन चाकं म्हणजे नुसता अडथळा. पुढे 1980च्या दशकात टर्नअराउंड पद्धत आली, म्हणजे प्रत्येक टोकाला वळायचीही कसरत करून सलग उडायचं. विमानं मोठी झाली, वेग एकसारखा आणि कमी ठेवायची गरज पडली, आणि स्थिर चाकं परत आली. क्युरारे त्या आधीचं आहे, त्याला त्याच्या रूपातच उडवा.

आता दोष. एकाच सर्व्होवरून दोन्ही पाय चालतात, म्हणजे सर्व्होपासून उजव्या पायाकडे जाणारी दांडी लांबीला चुकली आहे. पण दांडीला हात लावण्याआधी यंत्रणा सोडवून साफ करा. इंधनातलं एरंडेल सुकून आत लाखेसारखं बसलेलं असतं. रॉकेलने ते नीट निघत नाही, स्पिरिट वापरा. मग सर्व्होची दांडी काढून पाय हाताने वरखाली करा. खिट्टी खाचेच्या टोकाच्या वळणात गेली की बोटाला खट् असं जाणवतं. चाक ढकलून पाहा, पाय हलता कामा नये.

त्यानंतर क्लेव्हिस (दांडीच्या टोकाचा आट्यांचा चिमटा) अर्धा-अर्धा आटा फिरवत लांबी जुळवा. रिट्रॅक्टचा सर्व्हो 180 अंश फिरतो. दोन्ही टोकांना त्याचा हात आणि दांडी एका रेषेत आली की चाकावरचा धक्का सर्व्होच्या गिअरपर्यंत पोचत नाही. दोन्ही टोकांना गुणगुण पूर्ण थांबली पाहिजे. अडकलेला सर्व्हो बॅटरी उपसतो, आणि तीच बॅटरी रिसीव्हरला (रिमोटचे संदेश घेणाऱ्या यंत्राला) असेल तर विमानच जातं. म्हणून रिट्रॅक्टला वेगळी बॅटरी द्या.

गवतात खरं तुटतं ते यंत्र नाही, पंखातली बैठक. गवत पाय मागे खेचतं आणि लाकडी पट्ट्यांतले स्क्रू उपटून येतात. पट्ट्या दाबून पाहा. किंचितही हलल्या तर उकलून खाली बर्चचा प्लाय घाला आणि इपॉक्सीने पक्क्या करा. स्लो सेटिंग घ्या, पाच मिनिटांचं नको.

कोथरूड_बाल्सा
धन्यवाद काका. डावीकडची मागची पट्टी हलतेय! पायाची तारही थोडी वाकली आहे, गरम करून सरळ करू? आणि सर्व्हो गेलाच तर तसा आता मिळेल?

भोसरी_टूलरूम
गरम अजिबात नको, पियानो वायरचं पाणी उतरतं आणि पहिल्याच लँडिंगला पाय फाकतो. थंडच व्हाइसमध्ये धरून सरळ करा. पीळ पडला असेल तर बोहरी आळीतून 4 मिलीमीटरची नवी तार आणा, आणि रिट्रॅक्टजवळचा वेटोळा तसाच वळवा, धक्का तोच खातो. सर्व्होसाठी 180 अंशांना प्रोग्रॅम होणारा डिजिटल चालेल, फक्त खाचेच्या उंचीत बसणारा बुटका बघा. चाकं बसवताना पुढची बाजू अगदी किंचित आत ठेवा, म्हणजे धावताना विमान सरळ राहील.