क्विअर (समलिंगी, ट्रान्स अशा माणसांच्या) पोर्ट्रेटमध्ये चेहरा दाखवावा का? (बेळगाव)

शहापूरकर: आईचं इरकल नेसून, दाढी तशीच ठेवून, खिडकीच्या उजेडात मैत्रिणीनं माझा फोटो काढला. स्थळांना पाठवायला काढलेल्या फोटोत मी सूट घालून बसलोय. तो फोटो घरच्यांचा, हा माझा. असे आम्ही सात जण आहोत. बेळगावात प्रदर्शन भरवायचंय आणि चेहरे उघडेच ठेवायचेत. फोटोग्राफर सुनील गुप्तांनी १९८०च्या दशकात दिल्लीतल्या गे पुरुषांचे फोटो काढले, तेव्हा बऱ्याच जणांनी चेहरा लपवला, कारण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. आता पाठमोरं का उभं राहायचं?

निपाणीचा एक: मला हे मान्य नाही. कोर्टानं गुन्हा काढला, पण घरमालकाचं काय? मित्राच्या खांद्यावर डोकं टेकलेला माझा साधा फोटो कुणीतरी भावाला पाठवला. आठ महिने घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. हात, मान, पाठ यांतूनही माणूस कळतो की.

खानापूरची: तुम्ही दोघं चेहऱ्यावरच अडलात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पांचे, म्हणजे देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्या ट्रान्स माणसांचे, उघड्या चेहऱ्याचे फोटो पौर्णिमेला कितीतरी निघतात. कॅमेरेवाले भंडारा टिपतात, डोक्यावरचा जग (देवीचा मुखवटा असलेली परडी) टिपतात आणि जातात. ना नाव विचारतात, ना कॉपी देतात. याला मी पोर्ट्रेट म्हणणार नाही. २०२१मध्ये पद्मश्री घेताना ट्रान्स लोककलावंत मंजम्मा जोगतींनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. त्या फोटोत काय दिसावं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

शहापूरकर: पटलं. मूळ फाइल ज्याची त्याच्याकडेच राहील. पण सगळेच पाठमोरे दिसले तर अथणीच्या एखाद्या पोराला आपल्यासारखं कोण दिसणार? तिथल्याच फोटोग्राफर झानेले मुहोलींनी २००६पासून दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय लेस्बियन बायकांचे फोटो काढले, थेट कॅमेऱ्यात बघणारे. तिथं हल्ले होत होते, तरीही.

निपाणीचा एक: तिथल्या १९९६च्या राज्यघटनेतच लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी आहे. आपल्याकडं नोकरी गेली तर मी कुठला कायदा दाखवू? त्या पोराची काळजी मलाही आहे. पण त्याच्यासाठी माझ्या आईनं गल्लीतून मान खाली घालून जावं, हे मला जमणार नाही.

खानापूरची: सातही जणांनी हो म्हटलंय का?

शहापूरकर: दोघांचं अजून नाही.

खानापूरची: मग हॉल बुक करू नका. आधी त्या दोघांकडं जाऊन बसा. मी येते बरोबर.