मदत हवी आहे: गाडीखालून खडखड आवाज, गॅरेजवाल्याला सापडत नाही

निवडुंग
गाडीखालून सतत खडखड आवाज येतोय, पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवावी तसा. गॅरेजमध्ये दाखवली तर "जुनी गाडी आहे, आवाज येणारच" म्हणून परत पाठवलं. शनिवारी आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. काय असेल? प्लीज लवकर सांगा, वैतागले आहे.

चाकोरी
गाडी पेट्रोल की डिझेल? कुठल्या सालातली? आवाज पुढून की मागून, खड्ड्यात की सपाट रस्त्यावरही? 'खालून' एवढ्यावरून काय सांगणार?

निवडुंग
पेट्रोल हॅचबॅक, २००९. आवाज खालूनच येतो, साधारण मधून. कधीही येतो.

सह्यवारा
सस्पेन्शनमधला लिंक रॉड. डोळे झाकून दोन्ही बाजूंचे बदला. माझ्या गाडीला अगदी हाच आवाज होता, रॉड बदलले आणि गाडी शांत. नाना पेठेत सहज मिळतील.

पाना_दहाचा
सह्यवारा, आवाज कधी येतो तेच कळलेलं नाही, मग लिंक रॉड कशावरून? ताई, आधी एवढं करा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. एसी लावून बघा, मग हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीत आवाज आला तर सस्पेन्शनचा संबंध नाही. सायलेन्सर लाइन, हीट शील्ड नाहीतर इंजिन माउंटिंग. फक्त खड्ड्यातच आला तर लिंक रॉड, बुश (जोडांमधले रबर) वगैरे बघू. खड्ड्यातला आवाज ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर थांबला, तर ब्रेक पॅड सैल आहेत.

तुळशीबाग
२००९ म्हणजे १५ वर्षं उलटली की. आरसीचं नूतनीकरण केलंत का? ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीची फी ५,००० झालीय. त्यापेक्षा विकून टाका.

निवडुंग
नूतनीकरण झालंय, गाडी विकायची नाहीये. प्रश्न आवाजाचा आहे.
@पाना_दहाचा, हो, उभ्या गाडीतच येतो. सिग्नलला एसी चालू असला की जास्त. रेस दिली की मध्येच थांबतो आणि पुढे परत सुरू होतो.

पाना_दहाचा
मग सायलेन्सर लाइनवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, सैल झालाय असं मला वाटतं. इंजिनाच्या ठरावीक कंपनालाच तो वाजतो. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर पत्र्यावर मुठीने ठोकून बघा. त्याच वेळी कॅट-कॉनवरही (सायलेन्सर लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा डबा) ठोका. आतला सिरॅमिकचा गाभा फुटला असेल तर तुकडे आत हलतात, गाडीचा पिकअपही पडतो. तो खर्च मोठा, म्हणून आत्ताच कळलेलं बरं.
एक गोष्ट कळकळीने सांगतो: नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर घ्या.

कोकणकडा
तो पत्रा काढूनच टाका. कशाला हवाय? आमच्या मेकॅनिकने काढला, काही फरक पडला नाही.

पाना_दहाचा
अजिबात काढू नका. सायलेन्सरची धग गाडीच्या तळाला आणि आसपासच्या पाइपांना लागू नये म्हणून तो असतो. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर गाडी लावली तर पेटायची भीती असते.

सह्यवारा
लिंक रॉड तरी तपासून घ्या, जाता जाता.

मोगरा२
अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. आमच्या गाडीचा आवाज निम्मा झाला.

चाकोरी
मोगरा२, सायलेन्सरच्या पत्र्यावर कोटिंग मारलं तर गरम होऊन धूर आणि वास येईल. आवाज तसाच राहील.

निवडुंग
आज रॅम्पवर घेतली. पत्र्यावर मूठ मारली आणि तोच आवाज! पुढचा बोल्ट घट्ट आहे. मागच्या बोल्टाभोवती पत्रा गंजून भोक बोल्टाच्या डोक्यापेक्षा मोठं झालंय, त्यामुळे पत्रा तिथे नुसता नाचतोय. कॅट-कॉनमधून काही आवाज नाही. आता वेल्डिंग करू का?

पाना_दहाचा
गंजलेला पातळ पत्रा वेल्डिंगला जळतो, भोक अजून वाढतं. बोल्टाखाली रुंद वॉशर घाला. तेवढ्याने भागलं नाही तर स्टीलची मोठी होज क्लिप पत्रा आणि पाइप मिळून भोवती आवळा. एक पुरली नाही तर दोन क्लिपा एकमेकींत अडकवून लांब करता येतात. पत्रा चेपेल इतकी आवळू नका. प्लॅस्टिकचा टाय तर नकोच, वितळेल.

निवडुंग
वॉशर बसला नाही, दोन क्लिपा जोडून बसवल्या. एसी लावून उभी केली, रेस दिली, आवाज पूर्ण बंद! खूप खूप आभार. आता स्पीडब्रेकरवर मागून 'टक' असं ऐकू येतंय, ते आधी खडखडीत कळत नव्हतं.

सह्यवारा
लिंक रॉड!

पाना_दहाचा
मागून येतोय, तर आधी डिकीतली स्टेपनी आणि जॅक घट्ट आहेत का बघा. असतील तर मागच्या शॉकअपचे बुश, तेही शनिवारच्या आत दाखवून घ्या. कोल्हापूरहून आल्यावर क्लिप एकदा परत आवळा, गरम-थंड होऊन ती थोडी सैल पडते.