'जुनं उगाळू नका' म्हणणाऱ्यांनी आधी मध्य रेल्वेने प्रवास करावा

कळव्याची सून: परवा इथे एका महाशयांनी सल्ला दिला, "आधीची प्रकरणं नव्या नात्यात आणू नका, पाटी कोरी करून या." वा! मी कुठे आणली? आधीचा चार वर्षं "गाडी लेट आहे" सांगायचा आणि असायचा दादरलाच, दुसरीबरोबर. आता नवरा सीएसएमटीहून निघतो. लेट म्हणाला की मी "बरं" लिहिते आणि लगेच एम-इंडिकेटर अ‍ॅप उघडून बघते, खरंच रखडल्यात का गाड्या. लग्नाला दीड वर्ष झालं. पुसा आता पाटी.

माहीमकर: ताई, हा संसार नाही, टीसीगिरी आहे. नवऱ्याला माहितीये?

कळव्याची सून: माहितीये. हल्ली न मागता स्टेशनवरच्या इंडिकेटरचा फोटो पाठवतो. ते जास्त लागतं.

सेमीफास्ट: मी साखरपुड्याआधीच सगळं सांगून टाकलं. फळ काय? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकलो की बायको विचारते, "इथेच बसायचात का?" मरीन ड्राइव्हलाही तेच. मुंबईत फुकट बसायला जागा आहेत किती! आता तिकीट काढून राणीच्या बागेत पेंग्विन बघतो.

बोरिवली ८:०४: आमच्या वेस्टर्नला लेटचा बहाणा चालतच नाही :)

सेमीफास्ट: हो का? रविवारचा रूळदुरुस्तीचा जम्बोब्लॉक तुमच्याकडे काय पाहुणा येतो?

माहीमकर: झालं, आता दोन दिवस सेंट्रल-वेस्टर्न.

ठाणेकर काका: मग माझंही ऐका. १९९४. "दादर, एक नंबर, सहा वाजता." ती पश्चिम रेल्वेच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर, मी मध्यच्या एकवर. मोबाईल कुठले! तासभर दोघंही उभे, दोघांनाही वाटलं समोरच्याने टांग मारली. पुढे तिचं लग्न झालं. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने मध्यचा एक नंबर बदलून आठ केला. एकोणतीस वर्षं लेट!

बोरिवली ८:०४: काका, काकू वाचतात का हे?

ठाणेकर काका: तीच टाइप करतेय. माझा चष्मा सापडत नाहीये.

माहीमकर: बरं, टीसीगिरी शब्द मागे. पण ताई, नवऱ्याने किती दिवस हजेरी द्यायची?

कळव्याची सून: तुम्ही नका शिकवू. काल फोटो आला नाही, तो पाऊण तास उशिरा आला. मी त्याच्यासमोर फोनला हातही लावला नाही.

सेमीफास्ट: शाब्बास!

कळव्याची सून: बाथरूममध्ये जाऊन बघितलं. मुंब्र्याला सिग्नल गेला होता.