बागेतली जास्तीची रोपं सामुदायिक लागवडीला नेली, तर "नको" म्हणाले. का?

पानोपानी:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. घरामागे सहा वर्षं बाग करतेय, आता अगदी जंगल झालंय. वर दोन मोठी झाडं, त्यांच्यावर फिलोडेंड्रॉन चढलेत, खाली हेलिकोनिया, अलोकेशिया, सोनटक्का, केळीची बेटं आणि जमिनीवर वेडेलियाचा गालिचा, त्याची ती पिवळी फुलं, एक इंच माती दिसत नाही. खरं सांगायचं तर मी फार काही करतच नाही, पाणी आणि अधूनमधून कोयता, बस.

गेल्या पावसाळ्यापासून एका लागवड करणाऱ्या ग्रुपबरोबर रविवारी सकाळी जातेय. ओढ्याकाठची एक उजाड पट्टी घेतलीय, तिथे झाडं लावतो. मला वाटलं आपल्याकडे एवढं माजलंय तर देऊया, म्हणून वेडेलियाचे आणि हेलिकोनियाचे चाळीसेक तुकडे कुंड्यांत जगवून घेऊन गेले. तर तिथल्या ताईंनी सगळंच्या सगळं परत पाठवलं, गोड बोलून, पण परतच. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे तिथे आम्ही लावलेली रोपं उन्हाळ्यात पटापट वाळली, आणि माझ्याकडे नुसतं खोचलं तरी फुटतं. असं का? आणि जाता जाता, माझ्या हेलिकोनियाला पानंच पानं, फूल नाही. दोन वर्षं झाली.

मातीतला_गडी:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या ग्रुपमधल्या ताईंचं बरोबर आहे. तुमच्याकडे जे काही न करता वाढतं ना, तेच ओढ्याकाठी न्यायचं नसतं. वेडेलिया तर जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आगंतुक जातींची जी यादी आहे ना, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञ गटाची, तिच्यात आहे. त्याच यादीत घाणेरी आहे, सुबाभूळ आहे, जलपर्णी आहे, आणि लाल फुलांचा स्पॅथोडिया पण आहे जो लोक हौसेने रस्त्याकडेला लावतात. सोनटक्क्याची एक पिवळ्या फुलांची चुलतबहीण, काहिली जिंजर, तीही त्यात आहे.

मी हे शहाणपण मार खाऊन शिकलोय. वेडेलिया छाटला आणि ढीग कुंपणाबाहेर टाकला, म्हटलं कुजेल. कसला कुजतोय, त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, पुढच्या पावसात अख्खा चर पिवळा. आम्ही लावलेली गुडघाभर रोपं त्याच्याखाली दिसेनाशी झाली. उपटायला बसलो तर वरून सहज निघतो, हातात लांबच लांब दोर येतो, आपल्याला वाटतं झालं, आणि मातीत बोटभर पेर राहिलेलं असतं. तीन सीझन उपटतोय. त्यामुळे छाटलेलं कधी ओढ्यात नाही, उकिरड्यावर नाही. पत्र्यावर किंवा सिमेंटवर कडक उन्हात पसरायचं, हातात चुरा होईपर्यंत वाळवायचं आणि मगच कंपोस्टला.

अजून एक, घरच्या कुंड्यांची माती बरेच ग्रुप घेतच नाहीत. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची अंडी त्यात येतात, ती पण त्या १०० च्या यादीतलीच. कुंडी उचलून खाली बघा, साबुदाण्यासारखे पिवळट पांढरे दाणे दिसले तर तीच. ती गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका, तिच्यात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा जंत असू शकतो. हातमोजे घाला.

खुरपीवाली:
रोपं का वाळली त्याचं सांगते. तुमच्या बागेला वरची सावली आहे आणि सहा वर्षांचा पाचोळा जिरलाय. खालच्या झाडांना आयतं घर मिळालंय. ओढ्याकाठची पट्टी म्हणजे भाजलेली माती, वर गवत. पहिली दोन-तीन वर्षं गवत पाणी पिऊन घेतं आणि रोप उपाशी. लावायच्या दिवशी शंभर माणसं येतात, फोटो होतात, आणि एप्रिलमध्ये तण काढायला आम्ही तिघी. (हा वेगळा विषय आहे, माझं डोकं फिरतं.) मियावाकी पद्धतीचं नाव सगळे घेतात, दाट लागवड दाट लागवड करतात, पण त्यातसुद्धा आधी माती करायची, झाडं त्याच जागेची निवडायची आणि पहिली दोन-तीन वर्षं तण आणि पाणी बघायचं असतं, ते कोणी ऐकत नाही.

पुढच्या वेळी पिशवी फाडल्यावर थांबा आणि मुळं बघा. नर्सरीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या तळाशी जिलबीसारखी गोल फिरलेली असतात. तसंच लावलं तर ती तशीच गोल फिरत राहतात, झाड दोन वर्षं हिरवं दिसतं आणि मग वाऱ्याने आडवं. ब्लेडने बाजूने दोन-तीन चिरा द्या, तळाची गुंडाळी कापून टाका, जीव घाबरतो पण द्या. खोड मातीत पुरू नका, मुळं सुरू होतात ती जागा जमिनीलगत राहिली पाहिजे. मोठ्ठं रोप जगतं असं नाही हं, गुडघाभरवालं पटकन रुळतं. आळं खोडाला चिकटून नको, जरा लांबून, आणि पाचोळा तीन बोटं जाड पण खोडापासून वीतभर मोकळं, नाहीतर बुंधा सडतो. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर, म्हणजे मुळं खाली जातात.

सावलीतलं_झाड:
मी थोडा भांडायला आलोय. बाहेरचं झाड म्हणजे गुन्हेगार असं करू नका हो. हेलिकोनिया आणि वेडेलिया एका तराजूत का? एखाद्या आवारात, चार भिंतींच्या आत हेलिकोनिया लावला तर काय बिघडतं? लोक बघतात, त्यातूनच झाडाशी नातं जोडतात.

आता फुलाचं. हेलिकोनियाचा एक दांडा एकदाच फुलतो, मग त्याचं काम संपलं, केळीसारखंच. जुने फुललेले दांडे तुम्ही जमिनीलगत कापत नसाल तर बेट गच्च होतं आणि नवीन कोंबांना उजेड मिळत नाही. मोठ्या झाडाखालची सावली जास्त झाली असेल, वरच्या एक-दोन फांद्या काढून बघा, दिवसाला चार-पाच तास तरी ऊन मिळू द्या. नुसतं शेणखत-युरिया ओतत असाल तर पानंच येणार. बेट वाटायचं असेल तर कंदाच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवा, पण वाटलेलं लगेच फुलत नाही, वर्षभर धीर धरा. आणि अलोकेशिया छाटताना चिकाला जपा, हाताला आग होते, तोच हात डोळ्याला लागला तर रात्र गेली समजा.

मातीतला_गडी:
@सावलीतलं_झाड आवारात लावायला माझी ना नाही, मी ओढ्याकाठचं बोलतोय. पाण्याने कंद वाहून खाली जातात, मग कोणाच्या आवारात उगवणार ते आपल्या हातात नसतं. घरात कुत्रा पाळणं वेगळं आणि जंगलात सोडून येणं वेगळं.

पानोपानी:
अहो खरंच! सकाळी कुंड्या उचलल्या, तिसऱ्या कुंडीखाली ते साबुदाणे होते, वीसेक तरी. मोजे घालून काढले, कुस्करले आणि मग पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. म्हणजे मी चाळीस कुंड्या घेऊन गेले होते, त्या ताई गोडच बोलल्या म्हणायच्या. हेलिकोनियाचे जुने दांडे पण मोजले, बारा निघाले, एकही कधी कापला नव्हता. वेडेलिया काढायला घेतलाय, एक कोपरा झाला आणि कंबर गेली. मग त्याच्या जागी, सावलीत, जमीन झाकणारं पण कुंपणाबाहेर न पळणारं काय लावू?

खुरपीवाली:
आधी एक पावसाळा ती जागा रिकामी ठेवा, नुसता पाचोळा पसरा. राहिलेली पेरं डोकं वर काढतील, ती खुडत राहा. मग विचारा.