कर भरायचा, वर भरण्याचेही पैसे? तुमचे अनुभव लिहा

मार्च आला की आमच्या किनाऱ्यावर आंब्याच्या पेट्या आणि घरपट्टीच्या नोटिसा बरोबरच फिरायला लागतात. यंदा घरपट्टी मोबाइलवर भरायला बसले. मागणी 8,400 रुपये. क्रेडिट कार्ड निवडलं, आणि अगदी शेवटच्या पडद्यावर आकडा झाला 8,578.42. खाली बारीक अक्षरांत सुविधा शुल्क 1.8 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे करावर फी आणि फीवर पुन्हा कर! मागे जाऊन यूपीआय दाबलं, तर आकडा परत 8,400. फी घेतात याचा राग कमी, ती शेवटपर्यंत लपवून ठेवतात याचा जास्त.

तुमच्याकडे काय होतं? घरपट्टी, पाणीपट्टी, इन्कम टॅक्स, काहीही चालेल. ऑफिसांची नावं नकोत, आकडे लिहा.

सड्यावरचा
बँकेत नोकरी झाली, म्हणून थोडं उलगडून सांगतो. कार्ड वापरलं की कार्ड देणारी बँक, कार्डाचं नेटवर्क आणि मधला गेटवे (पैसे पुढे पोचवणारी कंपनी) आपापला वाटा कापतात. त्याला एमडीआर म्हणतात. दुकानदार तो नफ्यातून सोसतो. सरकारी ऑफिसला 8,400 चे पुरते 8,400 जमा व्हायला हवेत, म्हणून तो तुमच्या गळ्यात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाला 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. क्रेडिट कार्डाला तशी मर्यादाच नाही.

होमस्टेवाला
तारकर्लीला आमचा होमस्टे. रिटर्न छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या योजनेत, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स टॅक्स चार हप्त्यांत नाही, सगळा एकदम 15 मार्चपर्यंत. खातं सहकारी बँकेत, आणि इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या ई-पे टॅक्समध्ये नेट बँकिंगच्या यादीत ती बँक नाही. सीए म्हणाला, "गेटवेने भरून मोकळे व्हा." 60,000 वर शेकडा एक धरला तरी जीएसटीसकट 708 रुपये! यूपीआय करावं तर, करासाठीची मर्यादा रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये 1 लाखावरून 5 लाख केली खरी, पण आमच्या बँकेने स्वतःची मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवलेली.

मग एनईएफटी/आरटीजीएसचा पर्याय घेतला. चलनाबरोबर एक मँडेट फॉर्म तयार होतो. त्यावर लाभार्थी खात्याचा नंबर, रिझर्व्ह बँकेचा आयएफएससी, रक्कम आणि फॉर्म कधीपर्यंत चालेल ती तारीख. तो छापून शाखेत दिला. काउंटरवरच्या ताईंनी उलटसुलट करून पाहिला, "हे आमच्याकडे पहिल्यांदाच आलंय हो," म्हणाल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. शेवटी झालं. शाखेतून एनईएफटीला 10,000 ते 1 लाखापर्यंत जास्तीत जास्त 5 रुपये आणि जीएसटी, म्हणजे 5.90. कुठे 708! फक्त रक्कम फॉर्मवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे, आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

माडाखाली
ह्या सगळा वाचून माका गरगरला. आमच्याकडे ग्रामपंचायतीचो शिपाय घराकडे येता, पैसे घेता, पावती फाडता, चाय पिता आणि जाता. ती चाय हीच काय ती फी.

डोंबिवलीकर चाकरमानी
गाव गुहागर तालुक्यात. सप्टेंबरअखेर घरपट्टी भरली की 5 टक्के सूट, म्हणून बाबा गणपतीला येतानाच पैसे आणायला सांगायचे. आता पंचायतीत क्यूआर लागलाय, फी काही नाही. पण नुसते पैसे पाठवून भागत नाही. मिळकत क्रमांक आणि स्क्रीनशॉट ग्रामसेवकांना पाठवावा लागतो. नाहीतर पैसे पंचायतीत आणि थकबाकी आपल्या नावावर.

केंद्रचालक
आता दुसरी बाजू ऐका. मी ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र चालवतो. म्हाताऱ्या आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत रोख घेऊन येतात, मी माझ्या यूपीआयने भरतो आणि वर 20 रुपये घेतो. त्यावरून बोलणी खातो. पण पावसात रेंज गेली आणि पैसे कापून पावतीच आली नाही, तर निस्तरायचं कोणी? असे अडकलेले यूपीआयचे पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. तोवर आजी रोज माझ्याच दारात.

लेक परदेशी
मुलगी न्यू जर्सीला असते. तिकडे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, स्वतः कार्डाची फी घेत नाही, मधल्या खासगी कंपन्या घेतात. बँक खात्यातून डायरेक्ट पेने भरलं की फुकट. ती तसंच भरते.

पॉइंटवाला
पण कार्डावर महिना-दीड महिना बिनव्याजी मिळतो, शिवाय पॉइंट्स!

सड्यावरचा
पॉइंट्स कर भरण्यावर मिळतात का, ते आधी कार्डाच्या अटींत बघा. बऱ्याच कार्डांवर नाही मिळत. आणि जीएसटीसकट 2.12 टक्के फी देऊन दीड महिना उधारी घेणं म्हणजे वर्षाला साधारण 17 टक्के व्याज. पैसे हाताशी नसतील तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ती
वीजबिल ऑनलाइन भरलं की महावितरण उलट 0.25 टक्के सूट देतं. मग नगरपरिषदेला निदान फीचा आकडा पहिल्याच पडद्यावर दाखवायला काय हरकत आहे? तसा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे दिलाय, आवक शिक्का मारून पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकते. तोवर पाणीपट्टीचे अनुभव येऊ द्यात, त्यावर अजून कोणीच लिहिलेलं नाही.